शटर वाजतं म्हणजे कॅमेरा चालू आहे, असं नाही

प्रश्न : मी रत्नागिरीत राहतो. पाच वर्षं डिजिटलवर फोटो काढतोय, आता फिल्मवर शिकायचं आहे. पुण्यातले एक गृहस्थ यशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन ७,५०० रुपयांना विकतायत. ‘चालू स्थितीत आहे, लाइट लागतो, शटर वाजतं’ असं त्यांनी कळवलंय. मुंबईच्या एका दुकानात कॅननेट क्यूएल१७ जी-थ्री १४,००० रुपयांना आहे, पण फोटोत त्याच्या मागच्या झाकणाचा काळा स्पंज गळून चिकट झालेला दिसतो. जीएसएनची बॅटरी आता बनत नाही असंही ऐकलं. दोन्हींपैकी काय घ्यावं? आणि प्रत्यक्ष बघायला गेल्यावर नक्की काय तपासावं?

उत्तर : तुमच्या पत्रातला सगळ्यात कमी उपयोगाचा शब्द म्हणजे ‘चालू’. जीएसएनमधली बॅटरी काढून टाकली तरी बटण दाबल्यावर शटर वाजतंच, फक्त दर वेळी १/५०० सेकंदावर वाजतं. म्हणजे आतलं सर्किट पूर्ण मेलेला कॅमेराही ‘शटर वाजतं’ या परीक्षेत पहिल्या वर्गात पास होतो. लाइटचंही तसंच. पाठीमागचं बटण दाबल्यावर लागणारा हिरवा दिवा बॅटरीत जीव आहे एवढंच सांगतो. विकणारे गृहस्थ फसवत असतील असं मुळीच नाही. कपाटातून निघालेल्या कॅमेऱ्याबद्दल घरच्या माणसाला साधारण एवढंच कळतं. बाकीचं तुम्हाला तिथे बसून काढून घ्यावं लागेल, आणि त्याला अर्धा तास पुरतो.

आधी बॅटरीचा प्रश्न मिटवू, कारण ती खिशात नसेल तर पुण्याला जाण्यात अर्थ नाही. मूळ बॅटरी ५.६ व्होल्टची, पाऱ्याची होती. ती बंद झाली हे खरं, पण त्याने अडत नाही. ४एलआर४४ नावाची ६ व्होल्टची बॅटरी आजही मिळते. ती मूळ बॅटरीपेक्षा बारीक आणि आखूड असते, म्हणून जाड कागदाची नळी करून तिच्यात बसवायची आणि उरलेली जागा एका स्प्रिंगने भरायची. तयार अडॅप्टरही मिळतात. व्होल्टेजमधल्या एवढ्याशा फरकाने या कॅमेऱ्याचं मोजमाप बिघडत नाही, सर्किटच तशा बेताचं आहे. कॅननेटचं तसं नाही, त्याकडे नंतर येतो.

तळाचं बॅटरीचं झाकण नाण्याने उघडतं. आत हिरवट किंवा पांढरी पूड दिसली तर जुनी बॅटरी आत गळलेली आहे. बॅटरीला टेकणाऱ्या धातूच्या पट्टीवरची पूड व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने निघते, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायचं. पण हा गंज पट्टीवरून तारेत चढतो, आणि आतून खाल्लेली तार बाहेरून दिसत नाही. झाकणाचे आटे गंजून घट्ट झाले असतील आणि ते उघडतच नसेल, तर पुढचं काहीच तपासता येणार नाही. अशा वेळी चहा पिऊन परत यावं.

आता मुख्य गोष्ट. जीएसएन १९७३ सालचं मॉडेल आहे आणि पहिला इलेक्ट्रो ३५ १९६६चा. लेन्स ४५ मिलिमीटरची, एफ १.७, उजेडात आणि अंधारातही सुरेख काम करणारी. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधून उजेड आत सोडणाऱ्या भोकाचं माप, तुम्ही ठरवायचं, शटरचा वेग कॅमेरा ठरवतो, ३० सेकंदांपासून १/५०० पर्यंत कुठलाही. मधे पायऱ्या नाहीत. वेग हाताने लावायची रिंगच नाही, ऑटो, फ्लॅश आणि बी (बटण दाबून धराल तोवर शटर उघडं) एवढंच. त्यामुळे या कॅमेऱ्यात सर्किट बिनसलं की सगळंच बिनसलं. आणि ते बिनसायचं एक ठरलेलं ठिकाण आहे.

शटरच्या बटणाखालच्या दांडीवर रबराची एक बारकी गादी असते. पन्नास वर्षांत हे रबर सुकतं, भुगा होतं, किंवा डांबरासारखं चिकट होऊन दबून जातं. मग दांडी आणि तिने हलवायचे भाग यांच्यात फट पडते, बटण दाबल्यावर सर्किटचे संपर्क ठरल्या क्रमाने जुळत नाहीत आणि सुटत नाहीत. दिवे भलतंच सांगायला लागतात, शटरची वेळ चुकते. हा दोष कॅमेरा न उघडता ओळखण्याची खूण कानात आहे. एक फोटो मारा, मग फिल्म पुढे सरकवायची लिव्हर सावकाश शेवटपर्यंत ओढा. निरोगी कॅमेऱ्यात लिव्हर ओढताना आतून एक ठळक ‘ठक’ येतो, दांडी जागेवर परत गेल्याचा. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला काही तुटलं की काय असं वाटतं. तो ‘ठक’ नसेल, लिव्हर नुसती मऊ फिरत असेल, तर गादी गेली. कधी पाचातल्या दोन वेळा येतो, तेव्हा ती जाण्याच्या बेतात आहे असं समजा. निदान आठ-दहा वेळा करून पाहा. पुण्याला जाण्याआधीच विकणाऱ्यांना आवाजासकट एक छोटा व्हिडिओ मागा : शटर, लिव्हर, शटर, लिव्हर, पंख्याचा आवाज बंद करून. तिकिटाचे पैसे कदाचित तिथेच वाचतील.

‘ठक’ ऐकू आला तर पुढची परीक्षा दिव्यांची. लिव्हर ओढून ठेवा, फिल्मचा आकडा (आयएसओ) १००० वर आणि अ‍ॅपर्चर १.७ वर ठेवून खिडकीबाहेरच्या उन्हाकडे रोखा आणि बटण अर्धं दाबा. लाल बाण लागला पाहिजे, म्हणजे १/५०० सुद्धा पुरत नाही इतका उजेड आहे. मग समोरच्या, उजेड मोजणाऱ्या सेलच्या खिडकीवर बोट ठेवा. आता पिवळा लागला पाहिजे, म्हणजे वेग १/३० पेक्षा कमी आहे. दोन्ही दिवे व्ह्यूफाइंडरमध्येही आणि वरच्या झाकणावरही दिसतात. एखादा फक्त एकाच ठिकाणी लागत असेल तर त्याने फोटो बिघडत नाही, भाव करताना मात्र सांगायला हरकत नाही. लाल दिवा काहीही केलं तरी विझत नसेल तर सर्किटात किंवा गादीत दोष आहे.

पण दिवे बरोबर लागतात म्हणून शटरही बरोबर वेळ देतं असं नाही. त्यासाठी खोलीतली एकसारखी उजळलेली भिंत शोधा. फिल्मचा आकडा २५ वर, अ‍ॅपर्चर १६ वर ठेवा. फोनमध्ये उजेड मोजण्याचं एखादं ॲप घेऊन त्याच भिंतीकडे, तेच आकडे घालून पाहा. समजा ॲप ८ सेकंद सांगतं. कॅमेरा हातात धरून शटर मारा आणि फोनच्या घड्याळाने उघडण्या-मिटण्यातला वेळ मोजा. सहा ते दहाच्या मधे कुठेही आला तर ठीक. मग अ‍ॅपर्चर ११ करा, वेळ निम्मी व्हायला हवी. ८ करा, आणखी निम्मी. ही निम्म्याची उतरंड नीट लागली तर सेल, सर्किट आणि शटर तिघांचंही एकमेकांशी जमतंय. सगळ्याच वेळा एकाच प्रमाणात चुकत असतील, समजा प्रत्येक वेळ दीडपट येत असेल, तर फिल्मचा आकडा तेवढा सरकवून आयुष्यभर वापरता येतं. पण एकदा ४, एकदा ११, एकदा ७ असं येत असेल तर तो कॅमेरा घेऊ नका. ठरावीक चुकणाऱ्या घड्याळाशी माणूस जुळवून घेतो, मनाला येईल तसं चालणाऱ्याशी नाही.

लेन्सकडे वळू. मागचं झाकण उघडा, बीवर ठेवून बटण दाबून धरा, अ‍ॅपर्चर १.७ वर, आणि मागच्या बाजूने टॉर्च तिरकी मारून पुढून पाहा. मग उलट. तीन गोष्टी वेगवेगळ्या ओळखायच्या. झाडाच्या मुळांसारखे किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले दिसले तर ती बुरशी. सगळीकडे सारखं दुधट दिसलं तर वाफ किंवा ग्रीसची धूळ बसलीय, ती बहुधा साफ होते. कडेला इंद्रधनुष्यी रंगाची चंद्रकोर दिसली तर दोन काचा जोडणारा डिंक सुटलाय, त्याच्या वाटेला जाऊ नका. धुळीचे पाचपन्नास कण प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात, त्याने फोटोत काही दिसत नाही. पुढच्या काचेवरचा एखादा ओरखडाही चालतो. मागच्या काचेवरचा मात्र जास्त नडतो.

बुरशीबद्दल रत्नागिरीकराला वेगळं काय सांगायचं. बाहेरच्या काचेवर, कडेला, थोडीशी असेल तर निघते. पण ती काचेवरचा थर खाते, त्यामुळे साफ केल्यावरही जाळीची खूण उरू शकते आणि सूर्यासमोर धरलं की फोटो फिका येतो. जोडकाचांच्या आत गेली असेल तर हाताबाहेरचं काम. पुण्याच्या कोरड्या घरात कडेला निपचित पडलेली बुरशी तुमच्याकडच्या जुलैत अंग धरेल, हे धरूनच भाव करा.

रेंजफाइंडर, म्हणजे मधल्या पिवळसर चौकोनात दोन प्रतिमा एकावर एक आणून फोकस करायची सोय, गच्चीवरून तपासा. फोकसची रिंग अनंतावर टेकेपर्यंत फिरवा आणि निदान अर्धा किलोमीटर लांबची उभी धार पाहा, पाण्याची टाकी, मोबाइलचा टॉवर, काहीही. दोन्ही प्रतिमा एकजीव दिसल्या पाहिजेत. मग टेपने बरोबर एक मीटर मोजून एक पुस्तक ठेवा. मोजायचं ते फिल्म जिथे बसते तिथपासून, लेन्सच्या टोकापासून नाही. प्रतिमा जुळल्यावर रिंगवर एक मीटरच्या आसपासच यायला हवं. आडवी चूक दुरुस्त करणं सोपं, एक प्रतिमा दुसरीच्या वर-खाली बसत असेल तर कटकट जास्त. चौकोनच पुसट असेल तर खिडक्यांच्या आतल्या बाजूला धुरकट थर बसलेला असतो, किंवा आतल्या अर्ध्या आरशाचा मुलामा उडालेला असतो. पहिलं साफ होतं. दुसरं पुसायला गेलात तर उरलासुरला मुलामाही कापसावर येतो. तात्पुरता उपाय म्हणून व्ह्यूफाइंडरच्या पुढच्या खिडकीच्या मधोमध काळ्या टेपचा इवलासा चौकोन लावतात. तेवढ्या भागातला थेट उजेड अडतो आणि दुसरी प्रतिमा उठून दिसते.

लेन्सची नळी धरून हळूच हलवा. किंचित खडखड चालते, पण नळी डगमगत असेल तर आतले स्क्रू सैल आहेत आणि फोकसवर भरवसा नाही. एखादा मुदत संपलेला रोल बरोबर न्या, तो भरून लिव्हर ओढताना डावीकडची गुंडाळायची कळ फिरते का बघा. तेवढं पुरे.

आता कॅननेट. तुम्ही ज्या स्पंजला बिचकलात तो या कॅमेऱ्यातला सगळ्यात स्वस्त दोष आहे. मागच्या झाकणाच्या खाचांतून उजेड आत जाऊ नये म्हणून बसवलेला फोम त्या काळातल्या बहुतेक सगळ्या जपानी कॅमेऱ्यांत असाच वितळतो, जीएसएनमध्येही. लाकडी टूथपिक आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुना चिखल काढायचा, दीड-दोन मिलिमीटर जाडीचा काळा फोम किंवा खाचेत काळी लोकर बसवायची. एका संध्याकाळचं काम. फक्त भुगा शटरकडे पडू देऊ नका, कॅमेरा उपडा धरून काम करा. स्पंज दाखवून दुकानदाराशी हजार-पाचशेची घासाघीस जरूर करा, पण त्यापायी कॅमेरा सोडू नका.

खरा धोका शटरच्या पात्यांचा. जुनं ग्रीस पातळ होऊन पात्यांवर उतरतं आणि ती चिकटतात. बराच काळ पडून असलेल्या कॅमेऱ्याचा पहिला फोटो खरं बोलतो. चार-सहा वेळा मारल्यावर पाती मोकळी होतात आणि दोष झाकला जातो. म्हणून ‘मी येण्याआधी शटर मारू नका’ असं दुकानदाराला आधीच सांगून ठेवा. झाकण उघडून १/४ पासून १/५०० पर्यंत प्रत्येक वेग मागून पाहा. पात्यांवर तेलाची चकाकी नको. फोनवर सेकंदाला २४० चित्रांचा स्लो मोशन व्हिडिओ घेतला तर १/४ ला शटर सुमारे ६० चित्रांत उघडं दिसेल, १/३० ला आठेक. वेगवान आकडे अशाने मोजता येत नाहीत, पण हळू वेग बरोबर असतील तर बहुधा पातीही मोकळी असतात. कुणी लायटरचं पेट्रोल लेन्समध्ये सोडून पाती मोकळी करून देतो म्हणालं तर नमस्कार करा. तेल विरघळून काचांवर पसरतं आणि आठवड्याने पाती पुन्हा चिकटतात.

कॅननेटचं उजेड मोजणारं मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या बॅटरीसाठी बनलंय. तिथे १.५ व्होल्टची साधी अल्कलाइन घातली तर मीटरला उजेड आहे त्यापेक्षा जास्त वाटतो आणि फोटो काळपट येतात. श्रवणयंत्राची ६७५ नंबरची झिंक-एअर बॅटरी १.४ व्होल्टची असते, तिच्याभोवती रबरी वायसर बसवला की काम होतं. चिकटपट्टी काढल्यापासून ती थोड्याच आठवड्यांत संपते, पण स्वस्त आहे. एक खोड लक्षात ठेवा : ऑटोवर असताना उजेड मीटरच्या आवाक्याबाहेर असला तर कॅननेट बटण दाबू देत नाही. बॅटरी संपल्यावरही तसंच. अनेक जण कॅमेरा जाम झाला म्हणून परत करतात. रिंग ऑटोवरून काढली की शटर सुटतं.

ही रिंगच आमच्या मते तुमचं उत्तर आहे. तुम्हाला फिल्मवर शिकायचंय. कॅननेटमध्ये अ‍ॅपर्चर आणि वेग दोन्ही हाताने लावता येतात, बॅटरी नसली तरी. मीटर मेलं तरी फोनवर उजेड मोजून किंवा ‘लख्ख उन्हात एफ १६, वेग फिल्मच्या आकड्याइतका’ हा जुना हिशेब धरून रोल पुरा करता येतो. जीएसएनमध्ये प्रकाश मागून येत असेल तर ४०० ची फिल्म १०० लावून दोन पायऱ्या उजेड वाढवणं, एवढीच चलाखी तुमच्या हातात. पाती मोकळी असतील, लेन्स स्वच्छ असेल आणि दुकानदार पंधरा दिवसांत परत घेण्याचं बिलावर लिहून देत असेल, तर स्पंजचे पैसे कापून कॅननेट घ्या. तसं लिहून द्यायला तो तयार नसेल आणि पुण्याच्या जीएसएनचा ‘ठक’ पक्का असेल, उतरंडही जुळत असेल, तर ७,५०० देऊन तो आणा, पश्चात्ताप होणार नाही. ‘ठक’ नसलेला जीएसएन घ्यायचाच असेल तर बंद कॅमेऱ्याच्या भावात, आणि वरचं झाकण उघडून गादी बदलणारा कारागीर आधी गाठून. गादी चिमटीत मावते, तिच्यापर्यंत पोचण्याची मजुरी मात्र मावत नाही.

पुण्यात बुधवारी किंवा रविवारी असलात तर जुन्या बाजारात पाय वळतीलच, आणि मुंबईत चोर बाजारात. तिथे सोव्हिएत फेड आणि झोर्की दिसतील. वाईट कॅमेरे नाहीत, पण त्यांचं शटर कापडी पडद्याचं असतं आणि झोर्की ४ सारख्या मॉडेलवर वेग बदलायचा तो शटर भरल्यानंतरच, म्हणजे फिल्म पुढे सरकवून झाल्यावर. आधी बदलला तर आतली यंत्रणा मोडू शकते. दुकानदार तुमच्यादेखत उलटा क्रम करत असेल तर पुढे बघायची गरज नाही. लेन्स काढून पडद्यावर टॉर्च मारा. उन्हात लेन्स उघडी ठेवली की बहिर्गोल भिंगासारखी ती पडद्याला टाचणीएवढी भोकं पाडते. आणि सोनेरी मुलाम्याची, गरुड कोरलेली ‘लायका’, म्हणजे महागडा जर्मन कॅमेरा म्हणून, कुणी दाखवलीच, तर लेन्स काढून आत पाहा. रेंजफाइंडरच्या आतल्या दांडीच्या टोकाला खऱ्या लायकात छोटं गोल चाक फिरतं. तिथे पाचरीसारखा अखंड तुकडा असला तर तो झोर्की किंवा फेडच, वरून नाव लायकाचं.

कोणताही घेतलात तरी पहिला रोल कलाकुसरीसाठी नाही. आता रोल, धुणं आणि स्कॅन मिळून हजाराच्या घरात जातात, तेव्हा त्या एका रोलमधून सगळं काढून घ्या. दोन फोटो लांबच्या डोंगराचे, एफ ८ वर. चार फोटो एफ १.७ वर, भिंतीला तिरकं लावलेल्या वर्तमानपत्राचे, एक मीटरवरून, ठरलेल्या एका मथळ्यावर फोकस करून. तोच मथळा सर्वांत रेखीव आला पाहिजे, मागचा-पुढचा नाही. मधे कॅमेरा पाच मिनिटं उन्हात ठेवा, फिरवत. बाकीचे वेगवेगळ्या उजेडात, प्रत्येकाचे आकडे वहीत लिहून. स्कॅनबरोबर निगेटिव्हही मागून घ्या. उजेड शिरत असेल तर रंगीत स्कॅनवर कडेने तांबूस-नारिंगी पट्टे येतात. निगेटिव्ह सगळीच फिकी आणि पारदर्शक असतील तर उजेड कमी पडलाय. स्कॅन करणारा दुकानदार ते संगणकावर सावरून देतो आणि दोष कळतच नाही, म्हणून निगेटिव्ह डोळ्यांनी पाहायची. चौकटींमधलं अंतर कमी-जास्त असेल तर फिल्म ओढणारे दाते घसरतायत. हे सगळं पंधरा दिवसांच्या आत.

आणि कॅमेरा रत्नागिरीत पोचला की पहिल्याच दिवशी चामड्याच्या कव्हरातून बाहेर काढा. चामडं ओल धरतं आणि बुरशीला तेच हवं असतं. हवाबंद झाकणाचा प्लास्टिकचा डबा, आत शंभर ग्रॅम सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं एखादं स्वस्त घड्याळ ठेवा. काटा ४० ते ५० च्या मधे राहिला पाहिजे. ६० च्या वर गेला की जेल तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा निळं करून घ्या. त्या तव्यावर मग भाकरी करू नका, वेगळा ठेवा. आठवड्यातून एकदा कॅमेरा काढून दहा-बारा वेळा शटर मारायचं. चामड्याचं कव्हर कपाटात, दुसऱ्या खणात.